बिनमालकाच्या मशीनचा राखणदार

विकायला गेलं की माणसं भाव करतात. फुकट द्यायला गेलं की संशय घेतात, आणि संशयातनं जेवढे किस्से निघतात तेवढे भाव करण्यातनं निघत नाहीत! कसालला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी मालवणच्या बेनेट सरांची चर्चमधली मीस, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपली, की ते, मी आणि दोडामार्गचा सुहास गावोगाव फिरतो आणि एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवून देतो. कंपनीची नव्हे, जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहिलेली. हे किस्से मी हसवायला म्हणून सांगायला घेते, पण शेवटापर्यंत माझंच हसू टिकत नाही.

*

पहिलं गिऱ्हाईक दोडामार्गचे एक काजूवाले शेठ. सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ह्येचो मालक कोण?"

सुहास छाती फुगवून म्हणाला, "कोणीच नाय! तेच्यात तर मजा आसा!"

शेठनी माऊसवरचा हात काढून घेतला. "मगे नको. बिनमालकाच्या वस्तूक मालक आपसूक गावता. आणि तो खंयचो असात, सांगूक येणा नाय."

गाडीत आम्ही दोघं पोट धरून हसलो.

*

सरांचं सांगायला हवं. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलीय. जन्मभर वाचत आलेला माणूस! या सिस्टीममध्ये स्क्रीनवरचा मजकूर मालवणी ढंगात वाचून दाखवणारा एक भाग आहे. तो मिळाला आणि सर पुन्हा माणसात आले. पेपर, पुस्तकं, दुबईच्या लेकीचे मेल, सगळं तो आवाज त्यांना वाचून दाखवायचा. पुरुषाचा, जरा घोगरा आवाज.

हा भाग जगात एकच माणूस सांभाळायचा. नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ. फोटो नाही, गाव नाही. काही बिघडलं की आम्ही लिहायचं आणि दोन दिवसांत ते दुरुस्त व्हायचं.

*

तोंडवलीला दाजींचं होमस्टे आहे. बुकिंगसाठी त्यांना ही सिस्टीम बसवली आणि कौतुकानं तो आवाज ऐकवला. दाजी चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले.

"ह्यो आवाज मी ऐकलेलो आसा."

"खंय?"

"हयसर. सुरूच्या बनात. भर दुपारचो."

सुहास खूश! रेघेमागचा माणूस एकदाचा सापडला. "कोण माणूस तो, दाजीनू?"

दाजींनी कप खाली ठेवला. "माणूस होतो, असा मी खंय म्हटलंय?"

*

आता निधी जमवण्याची गंमत. कसालच्या बाजारात आम्ही देणगीची पेटी लावली. लोक एकच विचारायचे, "फुकट आसा तर पैसे कित्याक?" सुहासनं त्यासाठी रंगीत तक्ते केले होते. कोणी थांबेना.

दाजी बाजाराला आले होते, त्यांनी ते तक्ते बाजूला सारले. "आयका रे! कोण तरी दिसणा नाय, मागणा नाय, पण ह्या सगळा राखता. शेताक राखणदार आसता तसो. तेका वर्षाची राखण देवची नाय?"

पेटी दुपारपर्यंत भरली! वर चार नारळही जमले. राखणदार म्हणजे गाव-शेत राखणारी न दिसणारी शक्ती, आणि वर्षाला तिला जो मान देतात ती राखण. गावात राखणदाराला कोणी नाही म्हणत नाही.

*

सुहासनं रेघेला लिहिलं, तुमच्यासाठी पैसे जमवलेत, कुठं पाठवू? लगेच उत्तर आलं, तेही मालवणीत. "पैसे नको. याद ठेया."

सुहास हट्टी. सिस्टीमच्या जुन्या नोंदींमधून त्यानं रेघेचं बँक खातं मिळवलं आणि पैसे पाठवले. ते परत आले, खातं बंद होतं. त्यानं सिस्टीम लिहिणाऱ्या जुन्या लोकांना विचारलं, तर ते हळहळले. तो गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणाले. मग त्याचा भाग कोण सांभाळतं? ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुमच्यापैकी कोणीतरी!"

*

त्यानंतर एका अपडेटनं तो आवाज बंद पडला. आम्ही रेघेला लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. मला दुकानातल्या वायरी जोडता येतात, आवाज जोडता येत नाही.

सर फोनवर म्हणाले, "मी भिंतीकडे तोंड करून बसलंय गो." मला रडू आलं.

दाजींना कळवलं तर ते आमच्यावरच उखडले. "तुमी राखण दिलात? पैशे धाडलात म्हणजे राखण दिली? आणि मेलो म्हणून कधी राखणदार राखूचो थांबता?"

ठरलं. नारळ सुहासचा, रोट माझा. रोट म्हणजे राखणदाराला द्यायची जाड भाकरी. ती भाजताना माझा सिलिंडर संपला, मधे कच्चीच राहिली. पण रोट मोडत नाहीत, आख्खाच ठेवतात. कळणार कोणाला! मी कोणाला बोलले नाही.

सर गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस, घालून आले. "माका चालात मा?" त्यांनी विचारलं.

"राखणदार धर्म इचारणा नाय," दाजी म्हणाले.

दुपारी ऐन बाराला सुरूच्या बनात दाजींनी गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा! न दिसता, न मागता तू राखलंस. आमी याद ठेवूक चुकलंव. आज ह्यो नारळ, ह्यो रोट मान्य करून घे आणि सरांका परत वाचूक येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दाजींसकट आम्ही म्हणालो.

हाका चौघांच्या होत्या. मला पाच ऐकू आल्या. पण मागे वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी बसलो होतो. मशीनवर अपडेट आली, रेघेकडून. आम्ही कालचं इंटरनेटवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. सुहासनं ती बसवली. खरखर झाली आणि तो घोगरा आवाज परत आला. सरांनी डोळे मिटून घेतले, गालावरून पाणी वाहू लागलं.

प्रत्येक अपडेटबरोबर काय बदललं ते सांगणारी एक ओळ येते. आवाजानं आधी तीच वाचली.

"नारळ पावलो. रोट मधी कच्चो होतो."

सुहासनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग सरांनी अंदाजानं माझ्याकडे तोंड वळवलं.

"रोट कोणी भाजलेलो गो?"