रंगारीकाकांचा खुबा

रंगारीकाका शिडीवरून पडले त्याला सहा वर्षं झाली. डावा खुबा काढून धातूचा बसवला आणि शिडी सुटली. घरातलं काम मात्र सुटलं नाही. काकूंचं अर्धं अंग गेलेलं. त्यांना दिवसातून चारदा उचलून बसवायचं, कूस बदलायची. देव माणसाची ताकद बघून ओझं देतो म्हणतात. काकांच्या बाबतीत त्याचा हात जरा सैलच सुटला असावा.

बसवलेल्या खुब्याभोवतीचं हाड पुढे कसं बदलत जातं, याचा दवाखान्यात अभ्यास चालला होता. दर सहा महिन्यांनी काकांना बोलावणं यायचं. सोनोग्राफीवाल्या बाई टेपने मोजून मांडीवर ठरल्या जागी पेनाने खुणा करायच्या, गार जेल चोपडायच्या आणि एकेका खुणेवर यंत्र टेकवून पडद्यावर हाडाची कड बघायच्या. दुखतं का, या प्रश्नाला काकांचं उत्तर ठरलेलं: छे. दुखत होतंच. पण दुसरं ऑपरेशन म्हणजे तीन महिने अंथरूण, मग काकूंना उचलणार कोण? म्हणून तपासणीआधी चार दिवस ते पाय जपायचे, परीक्षा तोंडावर आल्यावर पोरं पुस्तक उघडतात तसे. जणू हाडाला ते कळणार होतं.

या खेपेला बाई एकाच खुणेवर तीनदा थांबल्या. यंत्र दाबून दाबून त्यांचंही मनगट गेलेलं, पट्ट्यात बांधलेलं. काकांनी मान वळवून पडदा पाहिला. चाळीस वर्षं भिंती खरवडलेला माणूस तो. सलग हवी ती पांढरी रेघ तिथे खरबरीत झाली होती आणि तिच्यावर काळसर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. ओल धरलेली भिंत त्यांना कुणी दाखवायला नको होती.

"बाई, एवढी एक खूण सोडून द्या," ते हळूच म्हणाले.

"ओलीवर तुम्ही कधी रंग मारलात का, काका?"

"मारलाय की. गिऱ्हाईक घाईत असलं की मारावाच लागतो."

"मग?"

"मग वर्षभरात शिव्या खाल्ल्या."

बाई हसल्या नाहीत; काकूंचं दुखणं त्यांना इतक्या खेपांत ठाऊक झालं होतं. "हे हाड दगा देईल ते काकूंना उचलतानाच देईल. दोघं एकदम पडाल."

 मग काका आपणहूनच सांगू लागले, कधीपासून दुखतं, जिना चढताना किती, कूस बदलताना किती. बाई लिहीत गेल्या.

घरी आल्यावर त्यांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं आणि शेवटी काकूंना सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "उचलताना श्वास रोखून धरता. माझं तोंड तेव्हा तुमच्या कानाशीच असतं. धाकटीला बोलवा."

धाकटी म्हणजे काकूंची बहीण. तिची जीभ कशी आहे, याची काकांनी आठवण करून दिली.

"जीभ असू दे. हात दणकट आहेत तिचे. लावा फोन."

काकांनी फोन लावून काकूंच्या कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजत राहिली. थोडा वेळ ते उभे राहिले, मग उभं राहवेना तेव्हा काकूंच्या देखत मांडी दाबत खाटेच्या कडेला बसले.