हातानं लिहिलेली क्वेरी

मीटिंगमध्ये माझा कोड पडद्यावर होता. सगळी टीम बसलेली. सांगलीच्या ऑफिसातले आमचे प्रोजेक्टचे सर म्हणाले, "हे हातानं लिहिलंय? तुमच्याकडं हातकामाचीच सवय ना. डोकं वापरायला वेळ लागायचाच."

हसले सगळे. रोज माझ्या डब्यातलं खाणारी मैत्रीणसुद्धा.

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. तो हातानं लिहिता येतो, नाहीतर लायब्ररी, म्हणजे तयार कोड, बनवून देते. एवढंच. त्यात जात कुठून आली?

आली. कारण आदल्याच आठवड्यात सरांच्या नात्यातल्या मुलानंही क्वेरी हातानंच लिहिली होती. त्याला सर म्हणाले होते, "वा. पाया पक्का आहे."

त्याचा पाया. माझं हातकाम.

कडेगावला घरी गेले, जेवले नाही. आई हळदीच्या गोदामातून नुकतीच आलेली. म्हणाली, "काय झालं गं?" सांगितलं. तिनं हळदीचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मलाबी असंच बोलत्यात. मी ऐकून घेते. तू कशाला शिकलीस मग?"

सरांनी सगळं लायब्ररीत करायला सांगितलं होतं. बघितलं तर बरंचसं खरंच लायब्ररीत सोपं होत होतं. तिथं सरांचं बरोबर होतं. तेवढं बदललं. प्रोजेक्टमधला गोदामातल्या मालाच्या शिलकीचा रिपोर्ट मात्र लायब्ररीतून इतका गुंतागुंतीचा निघायचा, की पुढं कुणाला वाचता आला नसता. तो हातानंच ठेवला. कारण खाली लिहिलं.

पुढच्या मीटिंगमध्ये सरांनी कारण वाचलंच नाही. "पुन्हा हातकाम? रक्तातच आहे."

मी उभी राहिले.

"सर, चूक दाखवा, आत्ता बदलते. पण जातीचं नाव न घेता माझी जात काढू नका."

"अगं, गंमत केली. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मला गंमत नाही वाटली."

कुणीच हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही.

दोनच दिवसांत मला त्या कामावरून काढलं. आता कंपनीच्याच दुसऱ्या कामावर, साताऱ्याच्या एका कारखान्यात बसून जुनी माहिती संगणकात भरते. एसटीनं जाते, एसटीनं येते. तो रिपोर्ट त्यांनी शेवटी कसा केला, माहीत नाही. विचारलं नाही. दमलेय. रोज सकाळी दमलेलीच उठते.

पण नोकरी सोडणार नाही. हातानं लिहायचं की लायब्ररीनं, ते मी काम बघून ठरवीन. जो माझी जात बघून ठरवेल, त्याला भर मीटिंगमध्ये थांबवीन. एकटी असले तरी.