बाळारामदादांचा कान

बाळारामदादांनी हातोडी उचलली की गॅरेजात कुणी शिंकलेलं चालत नसे. रेडिओ बंद, पंखा बंद, गिऱ्हाइकांची तोंडं बंद. गॅरेज सापगावजवळ, शहापूर-मुरबाड रस्त्याला अगदी चिकटून. त्यामुळे एवढं करूनही शांतता मिळायची पंचाईतच. लांबून एसटी येताना दिसली की दादा हातोडी तशीच हवेत धरून थांबत.

"जाऊ दे म्हातारीला. तिला घाई हाय, मला नाय."

एसटी गेली, धूळ बसली, की आढ्याला दोरीने टांगलेल्या क्रँकवर ते हलकेच ठोका मारत. क्रँक म्हणजे इंजिनच्या पोटातला मुख्य दांडा. पिस्टन वरखाली धावतात, त्या धावण्याने हा फिरतो आणि त्याच्या फिरण्यावर गाडी चालते. दांडा धड असेल तर मंदिरातल्या घंटेसारखा घुमत राहतो. आत कुठे तडा असेल तर 'ठक' करून गप्प होतो. दादा डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत. "बोलते" किंवा "मेली". मेलेली क्रँक मागच्या पडवीत जाई आणि गिऱ्हाइकाने कितीही हुज्जत घातली तरी परत इंजिनात बसत नसे.

माझी मुलगी केतकी मला त्यांच्याकडे घेऊन गेली. नोकरीला लागल्यावर तिने एक जुनी छोटी मोटार घेतली होती आणि ती मातीच्या मैदानावरच्या शर्यतीत उतरवायची होती. मी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माप बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. आमची ही म्हणाली, "लोकांचे बोल्ट तपासता, आता पोरीची गाडी तपासा." मी केतकीला एकच अट घातली होती. इंजिनच्या आत काय बसतंय ते माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी मैदानात जाणार नाही.

केतकीने पिस्टनचा एक भारी संच निवडून ठेवला होता. त्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्तीत जास्त दाबलं जातं, म्हणजे ताकद जास्त. दादांनी मोबाइलवरचं चित्र लांब धरून बघितलं.

"पेट्रोल कुठलं घालशील गो?"

"पंपावरचं."

"मग हे पिस्टन तुला नाय. ह्यांना उडणाऱ्या इमानाचं पेट्रोल लागतं. पंपावरचं घातलं तर आत भडका उडल, वेळेच्या आधी. थोडा कमी दाब घे. मजबूत घे, पण पंपावरचं खाईल तेच घे."

स्वभावाने दादा नम्र वगैरे अजिबात नव्हते. "ह्या पट्ट्यात इंजिन दोघांनाच कळतं. दुसरा वारला," असं ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. पण तपासायला कंटाळत नसत. नवे पिस्टन आले तेव्हा मला वाटलं, आता खोकं उघडायचं आणि बसवायचे. दादा म्हणाले, "नवीन म्हंजे काय? अजून कुणी न तपासलेला." मग मी माप घ्यायचं आणि ते मोठ्याने म्हणायचं, दादांनी सिलिंडरच्या मापाशी ताडून बघायचं, असं सुरू झालं. चारही पिस्टन तराजूत घातले. त्यातला सगळ्यात हलका बाजूला काढला आणि बाकीचे आतल्या अंगाने घासून त्याच्या वजनाला आणले. "हलक्याला खायला घालून वजन वाढवता येत नाय. भारीला उतरवायचं."

पिस्टनभोवती बसणाऱ्या, एका जागी कापलेल्या रिंगांच्या टोकांमध्ये त्यांनी नेहमीपेक्षा जास्त फट ठेवली. ती केतकीला जास्त वाटली.

"म्हसा गावच्या जत्रेला गाडी लावतेस, तवा बाजूला दार उघडायला जागा सोडतेस ना? तसंच. गरम झाली की रिंग फुगते. जागा नसली तर सिलिंडर खरवडून काढील."

हे मला पटलं. माणूस बोलतो फार, पण प्रत्येक वाक्याला कारण आहे, अशी माझी खात्री झाली.

मग क्रँकची पाळी आली. ती गाडीची मूळचीच होती, माझ्या मापांत चोख उतरली होती. दादांनी टांगली, एसटी जाऊ दिली, ठोका मारला. डोळे मिटले. पुन्हा मारला.

"मेली."

केतकी माझ्याकडे बघायला लागली. मला आवाज स्पष्ट ऐकू आला होता. "दादा, घुमली की," ती म्हणाली.

"तू कालची पोर. मला शिकवू नको. हल्ली लोखंडच भिकार येतंय. वरीस झालं बघतोय मी, दहातल्या आठ मेलेल्याच."

माझी मापं जाडी सांगतात, आतला तडा सांगत नाहीत. हा दांडा भर वेगात मोडला तर इंजिन जागेवर अडकणार आणि गाडीत माझी मुलगी असणार. दादांवर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या कानावर? मी दोन्ही सोडून दिलं आणि क्रँक गोणपाटात गुंडाळून कल्याणला एका वर्कशॉपात नेली. तिथे दांडा चुंबकित करतात आणि त्यावर चमकणारं द्रव्य सोडतात. तडा असेल तर जांभळ्या उजेडात रेघ उमटते. मी त्या दिव्याखाली वाकून टोकापासून टोकापर्यंत बघितलं, मग उलटी करायला लावून पुन्हा बघितलं. रेघ नव्हती.

दादांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी सरळ सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते थेट पडवीत गेले आणि उघड्या डोळ्यांना तडा दिसेल अशी एक जुनी क्रँक घेऊन आले. दोन्ही शेजारी टांगल्या, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि केतकीला म्हणाले, "वाजव. कुठली ते सांगू नको."

तिने तडा गेलेली वाजवली. "मेली," दादा म्हणाले. मग आमची वाजवली.

"ही पण मेली."

"दादा," केतकी हळूच म्हणाली, "अजून घुमतेय ती."

दादा वळले. त्यांनी बोटांची टोकं क्रँकला लावली. ती थरथरत होती. ते तसेच उभे राहिले, थरथर थांबेपर्यंत.

"म्हंजे लोखंड नाय बिघडलं," ते म्हणाले आणि टायरवर बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुमी हिशेबी माणूस. खरं सांगा. ह्या कानानं एखादी मेलेली मी चांगली म्हणून सोडली असल का?"

त्यांना कशाची धास्ती पडली होती ते मला तेव्हा कळलं. मी उगाच धीर द्यायचा म्हणून बोललो नाही, विचार करून बोललो. "ज्याला घुमलेलं ऐकू येत नाही, त्याला न घुमलेलं घुमल्यासारखं कसं वाटेल? तुम्ही चांगल्या नाकारल्यात. खराब पास केली नसणार."

"नसणार?"

"विचारून घेऊ."

वर्षभरात ज्यांच्या क्रँक त्यांनी पास केल्या होत्या, ते थोडेच होते. प्रत्येकाला तिथूनच फोन लावला. सगळ्यांची इंजिनं चालू होती. शेवटचा फोन ठेवल्यावर दादांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि मोठ्याने हसले. "कान गेला तर गेला, कुणाचा जीव नाय गेला!"

पडवीतल्या क्रँक मात्र तशाच होत्या. मी त्या कल्याणला नेऊन तपासून आणल्या आणि चांगल्या निघाल्या त्यांच्या मालकांना दादांनी स्वतः बोलावलं. टोकावड्याचा एक टेम्पोवाला दारातूनच ओरडत आला.

"दादा, तुमच्या कानापायी मला नवीन दांडा घालायला लागला!"

"मग मोडला का नवीन?"

"नाय."

"मग बोंबलतोस कशाला? आता दोन झाले. एक ठेव जपून, तुझ्या पोराला दे."

टेम्पोवाला हसत सुटला आणि क्रँक खांद्यावर घेऊन गेला.

आमचं इंजिन दादांनीच बांधलं. ते त्यांनी बांधलेलं शेवटचं इंजिन. त्यानंतर ते मुरबाडला मुलीकडे राहायला गेले. शर्यतीच्या दिवशी मात्र त्यांना मीच घेऊन गेलो. मैदानाच्या कडेला आम्ही दोघे उभे होतो. केतकी निघाली, वळणावर धूळ उडाली, गाडी दिसेनाशी झाली. पलीकडून फक्त बारीक आवाज येत होता, तोही आम्हा दोघांत मला एकट्यालाच. दादांनी माझा दंड धरला होता. गाडी परत आली, थांबली, केतकीने हेल्मेट काढलं आणि हात हलवला. कितवी आली ते तिने बोटांनी दाखवलं, पण दादांनी तिकडे बघितलंच नाही.

"कशी बोलत होती?" त्यांनी मला विचारलं.

आवाजाचं वर्णन करायची मला सवय नाही. मी म्हणालो, "सुरुवातीला जशी होती, शेवटी तशीच. मधे कुठे फरक पडला नाही."

दादांनी माझा दंड सोडला. "झालं मग," ते म्हणाले. "चला, पोटात काय तरी ढकलू. सकाळपासून घास नाय गेला माझ्या घशाखाली."

माझ्याही गेला नव्हता.