कावळ्याच्या नावावर सातबारा नव्हता

कुंदाबाय अंगणवाडीत चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायच्या, पण ती एका बैठकीत कधी संपत नसे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे, इथपर्यंत आले की त्या थांबायच्या आणि समोरच्या वीस-बावीस पोरांना विचारायच्या, "चिमणेक मेण खंयसून गावलां?" चार वर्षांची पोरे मान वाकडी करून विचार करायची. १९९९ साली मी त्या वाडीत ग्रामसेवक म्हणून हजर झालो, त्या पहिल्याच सकाळी अंगणवाडी भरायची त्या देवळाच्या पडवीत खांबाला टेकून मीही विचार केला. चिमणीला मेण मिळाले कुठून, हा प्रश्न तोवर मला कधी पडला नव्हता.

वाडी सिंधुदुर्गातली, अगदी किनाऱ्यावरची. नाव सांगत नाही, कारण या हकीकतीतले काही जण अजून पेन्शन घेतात. मी तळेऱ्याकडचा, म्हणजे समुद्र बघायला जाणाऱ्यांपैकी. कुंदाबाय समुद्राला पाठ करून बसणाऱ्यांपैकी. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण सातवी, नवरा मासेमारीला जायचा तो तापाने गेलेला, एक मुलगी लग्न होऊन देवबागेकडे. वाचन म्हणाल तर पुडीचा कागद. शेंगदाणे संपले की कागद सरळ करून वाचायच्या आणि फाटलेल्या बातमीचा उरलेला भाग स्वतः जुळवायच्या. तो बहुधा बरोबर निघायचा.

"कावळो आळशी म्हणान तेचां घर व्हावान गेलां, असां पुस्तकवाले सांगतत," त्या मला म्हणाल्या होत्या. "आळशी खंयचो? फटफटल्यापासून कामाक लागता. तेची जागा भाटकाराची. दुसऱ्याच्या जमिनीर कोण चिरेबंदी बांधतलो? उद्या भाटकार म्हणतलो, ऊठ!"

भाटकार म्हणजे माडांच्या बागेचा मालक. किनाऱ्यावरची अकरा घरे त्याच्या माडांखाली तीन पिढ्या उभी होती, मातीच्या भिंती आणि वर विणलेल्या झावळ्यांची झापे. पक्की भिंत घालायची नाही, ही अट कोणी लिहिली नव्हती आणि कोणी मोडलीही नव्हती. त्यातले एक घर कुंदाबायचे. स्वतःची जागा मिळावी म्हणून अकराही घरांचा अर्ज तालुक्याला पडून होता. त्यामुळे गोष्टीतला हा अर्थ शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नव्हते.

चिमणीलाही त्या सोडत नसत. "मेण पावसात टिकता, पण उनात? वैशाखात घर वितळाक लागला की तिका शेजारी होयोच ना?" आणि चिमणी दार न उघडता आतून जी कारणे सांगते, बाळाला न्हाऊ घालते आहे, पावडर लावते आहे, ती ऐकवून झाली की माझ्याकडे बघायच्या. "ह्यो तालुक्याचो कारभार, भाऊनू. साहेब जेवतत. साहेब मीटिंगेत आसत. साहेब दौऱ्यार गेले." मी तालुक्याचाच माणूस. मी हसायचो, जरा उशिरा.

एकदा तपासणीला पर्यवेक्षिका आल्या. पोरे धुतलेली होती, तक्ते टांगलेले होते. बाईंनी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला गोड आवाजात विचारले, "कावळ्याचं घर का बरं वाहून गेलं?"

"तेच्या नावार सातबारो नव्हतो," मुलगी म्हणाली.

बाईंनी कुंदाबायकडे पाहिले. कुंदाबायनी देवळाच्या घंटेकडे पाहिले. भेटवहीत शेरा पडला: 'सेविकेने गोष्ट मान्य पद्धतीने सांगावी.' कुंदाबायनी तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे गोष्ट तेंका कळली."

पाच-सहा वर्षांनी अंगणवाडीला स्वतःची इमारत मिळाली. जांभ्या चिऱ्याची, कौलारू, वाडीतल्या सगळ्यांत उंच जागेवर. मार्चमध्ये काम संपले. पण उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचे होते आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. दोनदा मांडव घातला, दोनदा उतरवला. एकदा पेढेही आले, ते शेवटी आम्ही कर्मचाऱ्यांनी जड अंतःकरणाने खाल्ले. दाराला लाल फीत बांधून ठेवली होती, तिचा रंग उडून गुलाबी झाला. पोरे अजून देवळाच्या पडवीतच आणि इमारतीची चावी माझ्या खिशात.

आषाढातल्या अमावास्येच्या दुपारी उधाण आले. लाटा माडांच्या आत शिरल्या. दीडच्या सुमाराला कुंदाबाय ग्रामपंचायतीच्या दारात आल्या, कमरेपर्यंत भिजलेल्या, मागे बाया, म्हातारी माणसे आणि डोक्यावर कपडे ओढलेली पोरे.

"भाऊनू, पाणी चुलीत इलां. चावी देवा. देवळाची पडवी इतक्यांका पुरूची नाय."

"देतो," मी म्हणालो. "फक्त तालुक्याला विचारून घेतो. उद्घाटन व्हायचं आहे."

मी फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. अर्ध्या तासाने पुन्हा लावला. मीटिंग चालू होती. मला खरोखर वाटत होते की मी लोकांसाठी धडपडतो आहे. कुंदाबाय पायरीवर एका म्हातारीला लुगड्याचा पदर पिळून देत होत्या. आणखी तासाभराने मी तिसऱ्यांदा फोन उचलला, तेव्हा त्या न रागावता म्हणाल्या, "भाऊनू, बाळाक पावडर लावन झाली काय?"

मी कानाला रिसीव्हर लावून उभा राहिलो. पलीकडे कोणी तरी "थांबा हां" म्हणून गेले होते. मागे वळलो तर पायरी रिकामी होती.

चार वाजता मी चावी घेऊन वर पोचलो. कुलूप जमिनीवर पडले होते, शेजारी चिऱ्याचा तुकडा. फीत मात्र त्यांनी गाठ सोडून नीट घडी करून खिडकीत ठेवली होती. आत अकरा घरांची माणसे नव्या कोऱ्या फरशीवर बसली होती आणि कोणी तरी चहा ठेवला होता. मलाही मिळाला. ती माणसे तिथे चार दिवस राहिली.

आठवड्याने आम्हा दोघांना नोटिसा आल्या. मी रात्रभर नव्हे, पण बराच वेळ विचार करून खुलासा लिहिला: चावी मीच दिली होती, कुलूप गंजल्याने तोडावे लागले. तो घेऊन मी ऐटीत कुंदाबायच्या घरी गेलो. भिंती अजून ओल्या होत्या. त्यांनी खुलासा ऐकला.

"ह्यां खरां?"

"नाही. पण तुमची नोकरी वाचेल."

"आणि फुडच्या पावसाक?" त्या म्हणाल्या. "कागदार दार उघडलां की झालां. साहेब म्हणतले, दार येळेर उघडलां, लोक सुके ऱ्हवले, मगे तेंका जागो कित्याक होयो?"

"कुंदाबाय, नोकरी जाईल."

"माका ती होयी आसा, भाऊनू. त्या मानधनार चूल पेटता माजी." त्यांनी चुलीतले लाकूड आत सारले. "पण चिमणेन दार उघडूकच नाय. तसांच लिवा. तुमका भिया वाटता तर तुमचां नाव घालू नका. कुलूप मीया फोडलंय, इतक्या पुरे."

मी तो कागद फाडला. दुसरा लिहिला: चावी माझ्याजवळ होती, घरांत समुद्राचे पाणी शिरले म्हणून लोकांनी दीड वाजता मागितली, मी चारपर्यंत दिली नाही. माझ्या नोकरीत मी लिहिलेल्या हजारो कागदांपैकी इतका छोटा दुसरा नसेल.

दोन महिन्यांत कुंदाबायना कमी केले. माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडला. मंत्री पुढच्या जानेवारीत आले, त्यांनी नवी फीत कापली. नव्या सेविकेने आळशी कावळ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पोरे खिचडीसाठी वर जायची आणि गोष्टीसाठी खाली कुंदाबायच्या अंगणात, जिथे त्या आता बांगडे सुकवायच्या आणि मुलीने पाठवलेल्या तांदळावर भागवायच्या. तक्रार एकदाच केली, तीही शेंगदाण्यांच्या पुडीची. आता प्लास्टिकच्या पिशवीत देतात, वाचायला काही राहिले नाही.

घरांसाठी जागा मागणाऱ्या अर्जाला त्या अकरा कुटुंबांनी माझ्या खुलाशाची नक्कल जोडली होती. घरात समुद्र शिरतो आणि दार उघडत नाही, हे सरकारच्याच माणसाने लिहिलेले तेवढेच होते. कागद फिरत राहिला. २००९ साली सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, नऊ कुटुंबांना जागा मिळाली. दोन नावे कुठे तरी गळली. कुंदाबाय त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. सातबाऱ्यावर त्यांच्या मुलीचे नाव लागले.

त्या आजारी असताना मी बदलीच्या गावाहून भेटायला गेलो होतो. धीर करून विचारले, "माझा राग आला होता का त्या दिवशी?"

"चिमणी वायट न्हय ओ," त्या म्हणाल्या. "एकटी ऱ्हवता, म्हणान भियाता."

मी आता निवृत्त आहे. कुडाळात दोन खोल्यांचा ब्लॉक आहे. बेल वाजली की बायको आतून विचारते, "कोण आहे?" मी तोवर दार उघडलेले असते. आतापर्यंत बहुतेक वेळा विक्रेतेच निघाले आहेत.