पितळी स्क्रू

साकाए कुवाबाराने तोक्योच्या कात्सुशिका भागात तीस वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळण्यातल्या यंत्रमानवांचे पाय जोडले. कारखान्यातून खोकी घरी यायची. सहा रूपांचा यंत्रमानव होता तो: कधी विमान, कधी रणगाडा, कधी सिंह. एकदा एक स्क्रू कमी पडला, म्हणून तिने शिवणाच्या डब्यातला पितळी स्क्रू डाव्या गुडघ्यात बसवून दिला. कारखान्याने तो नग नापास केला आणि तो तिच्या मुलाला, युझुरुला मिळाला.

युझुरु नोकरीसाठी साप्पोरोला गेला, तेव्हा कपाट आवरताना साकाएने तो यंत्रमानव वस्तीतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकला. नववर्षाला घरी आलेल्या युझुरुने कपाट उघडलं, पुन्हा लावलं. "असू दे गं," एवढंच म्हणाला. मग त्याचं येणं विरळ झालं. आता वर्षाला एक शुभेच्छापत्र येतं, दोन ओळींचं.

म्हणून अकरा वर्षं ती दर शनिवारी समाजकेंद्रातल्या खेळण्यांच्या दवाखान्यात मोफत दुरुस्ती करायला बसते. तसला यंत्रमानव आला की आधी डावा गुडघा बघते.

"डॉक्टरबाई, रोग कुठलाही असो, तुम्ही गुडघाच तपासता," शेजारच्या टेबलावरचे नुमाता चिडवतात.

गेल्या महिन्यात कोनोहा नावाची सातेक वर्षांची मुलगी आली. "आजी, हा सिंह होताना अडकतो."

डाव्या गुडघ्यात पितळी स्क्रू होता. साकाएचा हात थांबला.

"भरती करावं लागेल?" कोनोहाने विचारलं. अवघड दुखणं असलं की खेळणं आठवडाभर ठेवून घेतात. साकाएने नुसतं हो म्हटलं असतं, तर तो आठवडाभर तिच्याजवळ राहिला असता. पण मुलीने यंत्रमानवाचा एक हात सोडला नव्हता.

"नको. आजच घरी जाईल."

तिने झिजलेली स्प्रिंग बदलली. नुमातांनी नवा स्क्रू पुढे केला, तो तिने घेतला नाही. मग कोनोहाला थांबवून साप्पोरोला फोन लावला.

"काय झालं, आई? तब्येत?"

"मी बरी आहे. तुझा यंत्रमानव सापडला. आता एका छोट्या मुलीचा आहे."

"सिंह होताना अडकतो का अजून?"

"आत्ताच नीट केला."

"तरी अडकेल. तिला सांग, शेपूट आधी आत घ्यायची."

"तूच सांग," म्हणत तिने फोन कोनोहाच्या कानाला लावला. मुलगी शेपूट दाबत हं हं करत राहिली. 'कधी येतोस' हा प्रश्न ओठांवर ठेवून साकाए आपली पाळी यायची वाट बघत उभी राहिली.