उकडीच्या परातीपुढचे हात

रोह्याच्या दातांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांची मदतनीस म्हणून लागले, तेव्हा जिते गावातल्या आमच्या घरात काकीने पहिलं हेच विचारलं, "म्हणजे लोकांची थुंकी काढायची?"

व्हय, थुंकीही काढायची. डॉक्टर दाढ कोरत असतात तेव्हा थुंकी ओढून घेणारी नळी मीच पेशंटच्या तोंडात धरते. दातात भरायचं सिमेंट कालवून देते, घाबरलेल्याच्या खांद्यावर हात ठेवते, रक्ताची हत्यारं घासून मशीनच्या वाफेत तापवते. हे सगळं मी खुर्चीशेजारी उभं राहून शिकले. मला त्याची लाज कधीच वाटली नाही.

काकीला वाटायची. गणपतीत मोदकांची उकड मळायला ती मला बसू देत नसे. "तुझे हात लोकांच्या तोंडात असतात गो," म्हणायची आणि मला भांड्यांकडे पाठवायची.

यंदा मी विचारलंच नाही. आंघोळ केली आणि सरळ परातीपुढे बसले. काकी मागच्या दारात दातांना मशेरी लावत होती. तिथूनच म्हणाली, "ऊठ. ते हात देवाच्या कामाला नाय चालायचे."

"माझ्या हातांत ग्लोव्ह्ज असतात, काकी. वर दर पेशंटनंतर साबणाने धुते. तुझं बोट आत्ता कुठं हाय?"

तिने तोंडातलं काळं बोट बाहेर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि पदराला पुसलं. 

मी उकडीत हात घातला आणि पेशंटला रोज सांगते त्याच आवाजात तिला सांगितलं, "चूळ भर."