सूनबाईचं मागचं चाक

आऊटवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फक्त बँकेत उरली आहेत. बाकी सगळ्या जगासाठी ते आऊटवाले. सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की ते 'आऊट' झालं म्हणतात. ते डुलणं काढून चाक पुन्हा सुतासारखं सरळ करायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. दुकान एका शटरचं. आत दोन माणसं उभी राहू शकतात, तिसऱ्याला एक पाय रस्त्यावर ठेवावा लागतो. भिंतीवर रिमा टांगलेल्या, मधोमध चाक अडकवायचा घोडा आणि त्यासमोर आऊटवाल्यांचं स्टूल. त्या स्टुलाला बसायला जुनी सायकलची सीट ठोकलेली आहे. त्यामुळे त्यांच्याकडे बघताना माणूस काम करतोय की बसल्या जागी कुठेतरी निघालाय, हे चटकन कळत नाही.

काम करताना ते चाकाची एकेक तार नखाने छेडतात आणि मान तिरकी करून ऐकतात. शेजारच्या घरातलं भांडण ऐकताना माणूस करतो तशी. दोन तारांचा आवाज सारखा आला की पुढची. नाही आला तर "ही आळशी आहे" म्हणून तिला चावीने पाव फेरा देतात. त्यांचा आणखी एक रिवाज आहे. नवीन चाक बांधलं की रिमच्या आतल्या रबरी पट्टीखाली ते एक चिठ्ठी घालतात. तारीख आणि चाक कुणाचं, याबद्दल एक ओळ. 'पोस्टमन. वजन कमी, घाई फार.' 'शाळेतल्या बाई. खड्डा दिसला की उतरतात.' मालकाला या चिठ्ठीचा पत्ता नसतो. काही वर्षांनी चाक परत आलं की आऊटवाले टायर उतरवून आधी चिठ्ठी वाचतात, डॉक्टर जुने कागद बघतात तशी, आणि मगच चाकाला हात लावतात.

दाराशी पत्र्याचा बोर्ड होता: 'येथे बांधलेल्या चाकाची एक वर्ष हमी.' हा बोर्ड म्हणजे त्यांची अब्रू. चाळीस वर्षांत तो फक्त रंगवायला खाली आला होता.

मग घरात सूनबाई आली.

सूनबाई आठवड्याचे सहा दिवस चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि अत्यंत शांत आवाजात "आता खालची ओळ वाचा" म्हणते. सातव्या दिवशी ती गावामागच्या डोंगरावर जाड टायरांची, स्प्रिंगवाली सायकल चढवते आणि दगडगोट्यांवरून, झाडांच्या मुळांवरून, वेळ पडली तर हवेतून खाली येते. तिचा नवरा, म्हणजे आऊटवाल्यांचा मुलगा, सरकत्या जिन्यावरसुद्धा कठडा घट्ट धरतो. तो डोंगराच्या पायथ्याशी पाण्याची बाटली घेऊन डोळे मिटून उभा असतो. दोघांची ओळख दुकानातच झाली. ती वाकडं चाक घेऊन आली होती आणि हा काउंटरवर बसला होता. लग्नाचं कळल्यावर आऊटवाले म्हणाले होते की चाकाचा असा सत्यानाश करणारी मुलगी घरात आलेलीच बरी, निदान डोळ्यांसमोर तरी राहील.

पण सत्यानाशाचा आवाका त्यांना कळला नव्हता. पहिल्या महिन्यात मागच्या चाकाचा आठ झाला. आठ म्हणजे अक्षरशः इंग्रजी आठ, वर एक गोल, खाली एक. दुसऱ्या महिन्यात तारा तुटायला लागल्या. त्याही साखळीच्या बाजूच्या, बरोबर तार वाकते तिथे. आऊटवाल्यांना खरं म्हणजे आनंदच झाला. इतकी वर्षं दूधवाले आणि पोस्टमन यांची चाकं बांधून हाताला गंज चढत होता. त्यांनी जाड तारा आणल्या, प्रत्येकीचा ताण कान देऊन जुळवला, दोन रविवार झाल्यावर पुन्हा जुळवला. तारा तुटायच्या थांबल्या. आऊटवाले चार दिवस छाती काढून फिरले.

पाचव्या दिवशी बेअरिंग बोललं.

चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्यात बेअरिंगच्या दोन कड्या बसवलेल्या असतात. कडीत पोलादी छर्रे, छर्र्यांभोवती ग्रीस, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना रबराचं झाकण. सूनबाईसारख्या स्वारालासुद्धा ही कडी वर्षभर पुरायला हवी. ती तीन आठवड्यांत गेली. चाक फिरवलं की दाताखाली वाळू आल्यासारखा आवाज यायचा. नवीन जोडी घातली, तीही तीन आठवड्यांत गेली. तिसरीही गेली. आऊटवाल्यांनी आधी उड्यांना दोष दिला, मग कंपनीला दोष देऊन कंपनी बदलली, आणि शेवटी कुणी उरलं नाही म्हणून मुलाला दोष दिला. तो बिचारा त्या चाकाजवळ कधी गेलाही नव्हता.

अखेर एकदा जेवताना सूनबाईनेच विषय काढला. डोंगरावरची सायकल शर्यत दोन महिन्यांवर आली होती आणि या वेळी तिला मधेच चाक धरून परत यायचं नव्हतं. मोठ्या दुकानात तयार चाकं मिळतात, ती आणू का, असं तिने डोळे तपासताना विचारते तितक्याच हळुवारपणे विचारलं. आऊटवाले ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आणखी एकदा बांधतो. महिन्याच्या आत बेअरिंगने तोंड उघडलं तर तू ती चाकं आण, आणि मी बोर्ड उतरवतो."

"उतरवलात की इकडे आणा," काकू म्हणाल्या. "धुऊन ठेवते."

काकू म्हणजे आऊटवाल्यांच्या पत्नी. इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं जिथे धुऊन, उकळून, बांधून ठेवतात त्या खोलीत त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. काकू निवृत्त झाल्या, पण मळाने काही निवृत्ती घेतली नाही. त्यांच्या घरात साबणसुद्धा वापरून झाला की धुऊन ठेवतात. रविवारी सूनबाई धुळीने माखलेली सायकल अंगणात टेकवायची, अंघोळ करून जेवायची आणि आडवी व्हायची. उठून बघते तर सायकल आरशासारखी. माझ्या सासूबाई माझी सायकल धुतात, हे ती चष्म्याच्या दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते ऐकून कित्येक सुनांना हेव्याने खालची ओळ वाचवत नसे.

आऊटवाल्यांनी चौथी जोडी बसवली. चिठ्ठीवर लिहिलं: 'सूनबाई. डोंगर. भरवसा ग्रीसवर.' तिसऱ्या सोमवारी सकाळी सूनबाई कामावर जाता जाता दुकानात आली. तिने मागचं चाक काउंटरवर ठेवलं आणि निघून गेली. आऊटवाल्यांनी चाक फिरवलं, कान लावला, आणि आधी जाऊन बोर्ड उतरवला. तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग त्यांनी कडी बाहेर काढली आणि सुईने रबराचं झाकण उचललं. हिरवं ग्रीस घातलं होतं, ते पांढरट झालं होतं, दूध जास्त पडलेल्या चहासारखं. म्हणजे आत पाणी. पण पाणी आलं कुठून? दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. डोंगरावरचा ओढा कोरडा ठणठणीत. सूनबाई घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा धूळ असायची. धूळ समजण्यासारखी होती, पाणी कसं? विचार करता करता त्यांनी कडी नाकाजवळ नेली. लिंबाचा वास. घरातल्या फरशीला, ताटांना आणि त्यांच्या स्वतःच्या शर्टाला येतो, तोच.

तात्पुरती एक जुनी कडी घालून त्यांनी चाक परत दिलं. पुढच्या रविवारी, धंद्याच्या ऐन वेळी, आऊटवाले शटर ओढून घराच्या कोपऱ्याशी येऊन उभे राहिले. अंगणात काकू बाह्या सरसावून सज्ज होत्या. हातात शेजारच्या टॅक्सीवाल्याचा जोरात पाणी मारणारा पंप. गाडीचा चिखल दहा हातांवरून उडवायचं ते यंत्र काकूंनी एका वितीवरून थेट हबच्या झाकणावर रोखलं होतं, कारण सगळ्यात लबाड मळ तिथेच लपतो. टॅक्सीवाला पाइपचं दुसरं टोक धरून भक्तिभावाने बघत होता. ते रबराचं झाकण उडालेली धूळ अडवायला केलेलं. काकूंपुढे त्याचा काय पाड?

आता खरी पंचाईत झाली. चौतीस वर्षांपूर्वी आऊटवाल्यांनी एका पेल्यावर डाग दाखवला होता. त्यानंतर काकूंनी चार दिवस घरातले सगळे पेले धुतले आणि नवऱ्याला पाणी झाकण लावून दिलं. तेव्हापासून त्यांनी बायकोच्या स्वच्छतेबद्दल ब्र काढला नव्हता. पण तेही एक वेळ परवडलं असतं. सूनबाईचं काय? सासू-सुनेचं जे गूळपीठ जमलं होतं, ते या रविवारच्या धुण्यावरच जमलं होतं. खरं बोललं तर बोर्ड वर जाईल, पण घरातलं काहीतरी खाली येईल. बोर्ड चाळीस वर्षांचा होता, सूनबाई येऊन वर्षही झालं नव्हतं. आऊटवाल्यांनी बरंच डोकं खाजवलं.

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "चूक माझीच होती. ग्रीस भरायची पद्धत चुकत होती."

सूनबाईचा घास हातातच राहिला. मुलाला उचकी लागली. या घरात असं वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं. आऊटवाले रस्ता चुकले तरी रस्त्याने वळायला नको होतं म्हणणारे. सूनबाई म्हणाली की ज्या माणसाने जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली त्याला आणखी एक संधी द्यायलाच हवी, मोठं दुकान काही पळून जात नाही. काकू फक्त नवऱ्याकडे बघत राहिल्या, डाग आहे की सावली हे ठरवताना बघतात तशा.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. हातात डबा नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर. "खरं काय ते सांगा," त्या म्हणाल्या.

आऊटवाल्यांनी सांगितलं नाही. कागदावर उघडी कडी ठेवली आणि हातात भिंग दिलं. काकूंनी बघितलं, बोटावर ग्रीस घेतलं, वास घेतला. एकोणतीस वर्षं ज्यांनी हत्यारं तपासली त्यांना आणखी सांगायची गरज नव्हती.

"कात्रीच्या सांध्यात आम्ही कधी जोरात पाणी मारत नसू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "धुतलं की कोरडं करायचं, कोरडं झालं की तेलाचा थेंब. नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवलंय मी."

"धूळ पण होतीच गं आत," आऊटवाले म्हणाले.

"माझी बाजू घेऊ नका. सवय नाही तुम्हाला."

मग त्यांनी विचारलं की पोरीला काही बोललात का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बोलूही नका, तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

पाचवी जोडी दोघांनी मिळून बसवली. ग्रीस काकूंनी भरलं, कारण अख्ख्या दुकानात स्वच्छ हात तेवढेच होते. आऊटवाल्यांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठी पुढे ओढली, तर काकूंनी ती त्यांच्या हातून घेतली, पाठ वळवून काहीतरी लिहिलं, घडी केली आणि स्वतःच रबरी पट्टीखाली सरकवली. टॅक्सीवाल्याचा पंप त्याच दिवशी परत गेला. पुढच्या रविवारी सायकल बादली, मऊ ब्रश आणि तीन फडक्यांनी धुतली गेली. दीड तास लागला. टॅक्सीवाला सवयीने येऊन उभा राहिला आणि काही धरायला नाही म्हणून हिरमुसला.

शर्यतीला आऊटवाले गेले नाहीत. दुकान उघडून बसले, पण दिवसभरात एकाच चाकाचा आऊट काढला आणि तोही उलटा काढला. बातमी मुलाने आणली. तो नेहमीप्रमाणे पायथ्याशी डोळे मिटून उभा होता, त्यामुळे त्याने काही पाहिलं नव्हतं, पण ऐकलं सगळं होतं. शेवटच्या वळणावर दगडाचा आवाज आला, टायरची हवा गेल्याचा आला, बायकोने दगडाला उद्देशून काढलेले उद्गार आले. "पण बाबा," तो म्हणाला, "बेअरिंगचा आवाज आला नाही."

एकतीस जणांत सूनबाई नववी आली होती, शेवटचा उतार बिनहवेच्या टायरवर उतरून. रिमला करंगळीएवढी खाच पडली होती. घरी आल्याआल्या तिने चाक उचलून बोटावर फिरवलं. ते कुरकुर न करता फिरत राहिलं, थांबायचं नावच घेईना. आऊटवाले दुसरीकडे बघत असल्यासारखं करत होते.

खाच बघायला तिने स्वतःच टायर उतरवला. पट्टी सरकली आणि चिठ्ठी खाली पडली. तिला सासऱ्यांच्या अक्षरातली एखादी खोडी अपेक्षित होती. अक्षर निराळं होतं, हत्यारांच्या पुड्यांवर लिहितात तसं टपोरं आणि सरळ: 'आधीच्या चारही जोड्या मी पाण्याच्या पाइपने घालवल्या. यांची चूक नाही. सासू.' खाली तारीख.

सूनबाईने चिठ्ठी दोनदा वाचली. काकू ओट्याशी पाठ करून एक स्वच्छ पातेलं घासत होत्या. या घरात कुठलंही चाक दोन महिने न उघडता राहत नाही, हा त्यांचा हिशेब बरोबर ठरला होता.

"आई," सूनबाई म्हणाली, "मग ही खाच कुणाची?"

"ती तुझी," काकू वळून न बघता म्हणाल्या. "तिच्यात मला ओढू नकोस."

आधी मुलगा हसला, मग सूनबाईने जाऊन काकूंच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि मग काकूही हसल्या.

दुसऱ्या दिवशी बोर्ड पुन्हा दाराशी लागला. काकूंनी तो कबूल केल्याप्रमाणे धुतला होता, अर्थात ओल्या फडक्याने. हमीच्या ओळीखाली आता टपोऱ्या, सरळ अक्षरात आणखी एक ओळ आहे: 'पाइपने धुतल्यास हमी नाही.' कुणी कारण विचारलं तर आऊटवाले तारा छेडत म्हणतात, आतल्या गोटातली माहिती आहे.